दोघी बहिणी, एक कादंबरी आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा

दौलतगंजवाली

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरची, इथल्या लष्कर भागात राहते. मी आणि माझी धाकटी बहीण मिळून कादंबऱ्या लिहितो. ती लग्नानंतर पुण्यात असते. सध्या जी लिहितोय ती १८५८ च्या जूनमध्ये इथंच घडते. महाराज जयाजीराव शिंदे आग्र्याकडे निघून गेलेत, बायजाबाई आणि घरच्या बायका नरवरकडे गेल्यात, आणि मुदपाकखान्यातली एक स्वयंपाकीण तिच्या भाचीबरोबर मागं राहिलीय. वाड्याचे धनी बदलले, चुली त्याच. आता तिला उठावाचे पुढारी रावसाहेब पेशवे यांच्या पंगतींसाठी रांधायचंय. राणी लक्ष्मीबाई आमच्या कादंबरीत लांबूनच दिसते, स्वयंपाकघराच्या जाळीतून दिसेल तेवढीच.

वर्षभर आम्ही पात्रं वाटून घेतो. स्वयंपाकीण माझी, भाची तिची. गूगल डॉक्सवर एकच फाइल. मी पहाटे लिहिते, ती मुलगा झोपल्यावर रात्री. पण कादंबरी खरी जुळते ती उन्हाळ्यात, ती माहेरी आल्यावर. समोरासमोर बसून मोठ्यानं वाचायचं आणि कापायचं, हे काम फोनवर होत नाही. माझं वाक्य तिच्या तोंडून ऐकलं की कुठं लांबण लागलीय ते मला लगेच कळतं.

यंदा ती मेच्या मध्यावर झेलम एक्सप्रेसनं येतेय. पुण्याच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणजे हातात जेमतेम महिना. मला हा महिना घट्ट धरून ठेवायचाय. माहेरी आलेल्या मुलीचा महिना कसा जातो ते इथल्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे. आज आत्या भेटायला येणार, उद्या मावशीकडे जेवण, परवा कुरडया आणि लोणचं, मधे मुलांची भांडणं. तुमच्यापैकी कुणी दोघांनी मिळून लिहीत असेल तर वेळ कसा राखता ते सांगा. शिवाय एवढ्या उन्हात कादंबरीतल्या जागा कशा आणि कधी पाहाव्यात, तेही हवंय. इथं मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, धाकटीला आता पुण्याच्या हवेची सवय झालीय.

बडोद्याची_सून

किती सुंदर विषय! स्वयंपाकघरातून १८५८ पाहायचं, हे मी तरी कुठं वाचलेलं नाही.

वेळेबद्दल: मी आणि माझी नणंद मिळून बालनाट्यं लिहितो, त्यावरून सांगते. घरातल्यांना 'आम्ही लिहिणार आहोत' असं मोघम सांगून काही होत नाही. घड्याळ सांगा. पहाटे पाच ते आठ, गच्चीवर, कुणीही वर यायचं नाही. दुपारी जेवणं झाल्यावर कूलरच्या खोलीत दार लावून पुन्हा दोन तास. एवढं सोडून बाकी सगळा दिवस घराचा. आमच्याकडे सासूबाईच पहारा देतात आता. वेळ ठरलेली असली की लोक मान देतात, हा माझा अनुभव.

इंदौरी_रात्र

पहाटेचं बरोबर आहे. आमच्या माळव्यात रात्र गार पडते म्हणून आम्ही रात्री गच्चीवर लिहितो, पण ग्वाल्हेरच्या मे महिन्यात भिंती अकरा वाजेपर्यंत धगधगत असतात. पहाटच खरी.

छापखाना

मी पुण्यात पुस्तकनिर्मितीत काम करतो. एक रुक्ष पण गरजेची गोष्ट. तुम्ही दोघी एकत्र असतानाच करारमदार उरकून घ्या. मजकूर कुणाचा कुठला हे वेगळं काढता येत नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती संयुक्त लेखकत्वाची कृती ठरते. हक्क दोघींचे, आणि मुदत मोजतात ती दोघींपैकी जी नंतर जाईल तिच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. प्रकाशकाला हक्क द्यायचे तर ते लेखी हवेत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. या दोन जागा कोऱ्या सोडू नका.

आणि आपापसांतही एक साधं पत्र लिहून ठेवा. मानधनाची वाटणी, नाव कुणाचं आधी, पुढं एकीला लिहायचं नसेल तर पात्रांचं काय. बहिणींमध्ये कशाला कागद, असं वाटेल. पण बहिणींच्या मागं दोन घरं असतात, पुढची पिढी असते. त्यांच्यासाठी कागद हवा.

दौलतगंजवाली

@छापखाना, मनापासून आभार. हे कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. नावाचं आम्ही ठरवलंय: वयानं मोठी म्हणून माझं आधी, असं नको. एका पुस्तकावर माझं आधी, पुढच्यावर तिचं. या वेळी तिचं.

@बडोद्याची_सून, 'कुणीही वर यायचं नाही' हे आईला वाचून दाखवलं. आईचं वय पंच्याहत्तर. म्हणाली, जिन्याच्या पायरीशी मीच बसते भाजी निवडत, बघू कोण वर जातं ते.

नवी_लेखिका

टोपणनाव का नाही घेत? ब्राँटे बहिणींनी १८४६ मध्ये कवितांचं पुस्तक काढलं तेव्हा करर, एलिस आणि ॲक्टन बेल अशी नावं घेतली होती. शार्लट, एमिली, ॲन यांची आद्याक्षरं तेवढी राखली. त्या पुस्तकाच्या फक्त दोन प्रती खपल्या, आणि तरी पुढच्याच वर्षी तिघींच्या कादंबऱ्या आल्या! त्यासुद्धा रात्री जेवणघरात टेबलाभोवती फेऱ्या मारत एकमेकींना आपलं लिखाण वाचून दाखवत. तुमच्या गच्चीबद्दल वाचलं आणि तेच आठवलं.

धाकटी_पुणे

मीच ती धाकटी. ताईनं धागा काढलाय हे मला आत्ता कळलं, म्हणून मुद्दाम खातं उघडलं.

@नवी_लेखिका, त्या तिघींनी पुस्तकं मात्र आपापली लिहिली. आमचं तसं नाही. आमच्या पानावर ताईचं वाक्य संपतं तिथं माझं सुरू होतं, आणि टोपणनावानं ते झाकावं असं मला वाटत नाही. दोन बायकांनी मिळून लिहिलंय हे वाचकाला दिसू दे. मराठीत लेखक म्हटला की एकटा, खोलीचं दार लावून बसलेला, अशीच कल्पना असते. पाळणे, डोहाळे, ओव्या आपल्याकडे बायका मिळूनच रचत आल्या. जात्याचा खुंटा दोघी धरायच्या आणि ओवी एकीची दुसरी पुरी करायची. आम्ही कादंबरीत तेच करतोय.

आता माझा प्रश्न. ताई आणि माझ्यात एक वाद अजून मिटलेला नाही. राणी पडली ती १७ जूनला की १८ जूनला? शेवटच्या तीन प्रकरणांची सगळी मांडणी त्यावर उभी आहे. ताई १७ म्हणते. मी १८ म्हणते. दोघी हटून बसलोय.

मुरारचा_मास्तर

निवृत्त इतिहास शिक्षक. सविस्तर लिहितो, विषय जिव्हाळ्याचा आहे.

आधी क्रम पक्का करा. काल्पी २३ मेच्या सुमारास पडली. तिथून तात्या टोपे, रावसाहेब आणि राणी ग्वाल्हेरकडे वळले. १ जूनला इथं मुरारजवळ शिंद्यांची फौज त्यांना जाऊन मिळाली आणि जयाजीरावांना आग्र्याकडे निघावं लागलं. ३ जूनला फुलबागेत रावसाहेबांचा दरबार झाला. १६ जूनला इंग्रज सेनापती ह्यू रोजनं मुरार घेतलं. १७ ला कोटा की सरायची लढाई. १९ ला लष्कर आणि २० ला किल्ला इंग्रजांच्या हाती.

इंग्रजी कागदपत्रं राणीचा मृत्यू १७ ला, कोटा की सरायच्या लढाईत धरतात. आपल्याकडे १८ रूढ आहे. मराठी परंपरेत तिथी दिली जाते ती ज्येष्ठ शुद्ध सप्तमी, शके १७८०. त्या महिन्यातली अमावस्या ११-१२ जूनच्या सुमारास होती, त्या हिशोबानं सप्तमी १८ च्या जवळ पडते. म्हणून माझा कल धाकट्या बाईंकडे. पण ग्वाल्हेर गाव १७ आणि १८ दोन्ही दिवस राणीच्या स्मरणार्थ बलिदान मेळा भरवतं, तेव्हा थोरल्या बाईंनी वाईट वाटून घेऊ नये.

खरं सांगायचं तर तुमच्या स्वयंपाकिणीला इंग्रजी तारीख माहीत असण्याचं कारणच नाही. ती तिथीनंच दिवस मोजणार. सप्तमीचा चंद्र सूर्य मावळताना डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. संध्याकाळच्या प्रसंगात उजेड किती, हे यावरून ठरवता येईल.

दौलतगंजवाली

सर, हे वाचून मी वही काढली आणि शेवटचं प्रकरण पुन्हा वाचलं. माझ्या मसुद्यात त्या रात्री 'काळोख' होता आणि धाकटीच्या मसुद्यात 'चांदणं'. अर्धा चंद्र मध्यरात्रीपर्यंत, मग अंधार. दोन्ही राहतील! १७ चा हट्ट मी सोडला. आमच्या पुस्तकात फक्त सप्तमी असेल.

खवय्या_कंपू

स्वयंपाकावर कुणीच बोलेना म्हणून मी लिहितो. अमावस्या ११-१२ जूनला, म्हणजे त्या पंधरवड्यातली वद्य एकादशी तीन-चार दिवस आधी, ऐन पंगतींच्या धामधुमीत आली असणार. उपासाचं रांधायला लागणारच. तेव्हा कृपा करून साबुदाण्याची खिचडी घालू नका. टॅपिओकाचा साबुदाणा आपल्याकडे सेलमला १९४० च्या दशकात सुरू झाला. ऐतिहासिक कादंबऱ्यांत आणि मालिकांत ही खिचडी सर्रास शिजते आणि माझा घास अडतो. शिंगाड्याचं पीठ घ्या. आपल्या भागातल्या तळ्यांत शिंगाडा पूर्वापार होतो. राजगिरा, वरी, रताळं, दही. आणि तो महिना आंब्याचा, विसरू नका.

उन्हाळ्यातलं दूध ही स्वयंपाकिणीची रोजची काळजी. शेकडो पानांसाठी खीर करायची आणि दुपारपर्यंत ती नासू द्यायची नाही. दूध केव्हा येतं, किती वेळा तापवतात, कुठं ठेवतात, यावर एक अख्खं पान लिहिता येईल. वाळ्याच्या पाण्याचे रांजण, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या कैऱ्या, पन्ह्यासाठी निखाऱ्यात भाजलेली कैरी. उकडलेल्या कैरीच्या पन्ह्याला ती चव नाही.

धाकटी_पुणे

खवय्या दादा, साबुदाणा माझ्याच प्रकरणात होता. काढला. शिंगाड्याच्या पिठाची लापशी केली. दुधाचं पान ताई लिहिणार, ते तिचं क्षेत्र.

झाशीकर

जागा पाहण्याबद्दल. झाशी ग्वाल्हेरहून साधारण शंभर किलोमीटर. पहाटेची गाडी पकडून आलात तर किल्ला आणि राणीमहाल नऊच्या आत पाहून होतात. पण तुमची कादंबरी ग्वाल्हेरची, मग झाशी कशाला, असं म्हणाल. तर यासाठी, की तुमच्या पंगतीत जेवायला बसलेले आणि पहाऱ्यावर उभे असलेले कित्येक जण एप्रिलमध्ये झाशी पडल्यावर तिथून निसटलेले होते. ते काय मागं टाकून आले, ते त्या तटावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' दोघी बहिणी मिळून मोठ्यानं वाचा. वरसईचा हा भिक्षुक बायजाबाईंच्या मथुरेच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून १८५७ मध्ये घरून निघाला आणि झाशीच्या वेढ्यात सापडला. पुढं चिं. वि. वैद्यांनी त्याच्याकडून लिहवून घेतलं आणि १९०७ मध्ये छापलं. पण वैद्यांनी बराच फेरफार केला होता. मूळ लिखाण द. वा. पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलं. तुम्ही मूळच घ्या. त्या काळचं मराठी बोलणं कानावर यायला याहून चांगलं दुसरं काही नाही.

दौलतगंजवाली

गोडसे भटजी आमचे दोघींचे लाडके. दक्षिणेच्या आशेनं निघालेला माणूस, त्याला इतिहास घडवायचा नव्हता. म्हणूनच जेवण काय मिळालं, निजायला कुठं मिळालं हे तो लिहितो. आमची स्वयंपाकीण त्याच्याच जातकुळीतली.

झाशीचं पक्कं केलं. शिवपुरीलाही एक दिवस जाणार आहोत. तात्या टोप्यांना १८ एप्रिल १८५९ ला तिथं फाशी दिलं, आणि आमच्या शेवटच्या प्रकरणात भाचीला ती बातमी कळते. तिथली जागा डोळ्यांनी पाहिलेली असावी असं मला फार वाटतं.

अडचण एकच उरलीय आणि ती मोठी आहे. बलिदान मेळा १७-१८ जूनला, आणि धाकटीच्या मुलाची शाळा त्याच्या आधी उघडते. ज्या संध्याकाळबद्दल आम्ही लिहितोय त्या संध्याकाळी आम्ही दोघी राणीच्या समाधीपाशी असाव्यात, त्याच उन्हात, त्याच दिवसांत. शेवटचं प्रकरण मग त्याच रात्री बसून पुरं करायचं. मी तिला थांब म्हणू शकत नाही. मुलाचा शाळेचा पहिला दिवस आहे.

आजोबा_जनकगंज

बेटा, मुलाचा बाप कुठं असतो?

बडोद्याची_सून

आजोबांनी नेमकं विचारलं. पहिल्या दिवशी शाळेत सोडायला बाबा जाऊ शकतो. डबा बाबा करू शकतो. धाकटी, तू घरी बोलून बघ. तुझं लिखाण हे तुझं काम आहे, आणि कामासाठी चार दिवस बाहेरगावी राहणं यात वावगं काहीच नाही. ऑफिसचं काम असतं तर विचारलंही नसतंस.

धाकटी_पुणे

मी दोन दिवस हे पुन्हा पुन्हा वाचत होते. काल रात्री नवऱ्याशी बोलले. खरं म्हणजे धागाच त्याच्या हातात दिला. त्यानं सगळा वाचला, मग म्हणाला, "मी १२ ला येतो ग्वाल्हेरला, याला घेऊन परत जातो. तू १९ ला ये." मुलगा म्हणाला, पहिल्या दिवसाचा डबा आजीकडून ग्वाल्हेरहूनच भरून नेणार. दुसऱ्या दिवशी तो डबा खाऊ नकोस, एवढं मी सांगितलं.

ताई, मी थांबतेय.

दौलतगंजवाली

वाचलं. आईला सांगितलं. आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आता इथं लिहिताना माझेही डोळे भरलेत. मंडळी, तुम्हा सगळ्यांचे उपकार आहेत.

आता बेत असा. पहिला पंधरवडा फक्त वाचन, पहाटे गच्चीवर, अथपासून इतिपर्यंत. मी तिचं वाचणार, ती माझं. खुणा लाल पेन्सिलीनं कागदावर करायच्या, स्क्रीन नको, म्हणून दोन छापील प्रती काढून ठेवल्यात. मग झाशी आणि शिवपुरी. जूनच्या पहिल्या आठवड्यात कापणी: पंगतींचा भाग फार पसरलाय, तो निम्मा करायचा. खवय्या दादांचं दुधाचं पान त्यातच घालायचं. १२ नंतर घर शांत झालं की शेवटची तीन प्रकरणं नव्यानं. मधल्या एका संध्याकाळी छापखाना यांनी सांगितलेलं पत्र, आईला आणि भावाला साक्षीला बसवून.

खवय्या_कंपू

निम्मा करा, पण एकादशी कापू नका.

नवी_लेखिका

एक विचारायचं राहिलं. वाचताना भांडण झालं तर? मी आणि माझी मैत्रीण एक कथा मिळून लिहायला बसलो होतो, एका उपमेवरून अबोला झाला.

धाकटी_पुणे

होतं की. आमचा नियम असा: ज्या वाक्यावरून भांडण, ते वाक्य जिचं आहे तिनंच ते काढायचं किंवा ठेवायचं. दुसरीनं फक्त कारण सांगायचं, एकदाच. बहुतेक वेळा रात्रीत ते वाक्य आपोआप जातं. राहिलं तर ते चांगलंच असतं. आणि पात्राच्या तोंडचं वाक्य असेल तर त्या पात्राची जी मालकीण, तिचा शब्द शेवटचा. भाची काय बोलेल हे ताईनं मला सांगायचं नाही. ताई सांगतेच, ती गोष्ट वेगळी.

छापखाना

हा नियमही पत्रात लिहा. दोघांनी लिहिलेली हस्तलिखितं बहुतेक याच जागी अडतात.

मुरारचा_मास्तर

दोघी आहात तोवर कोटा की सरायच्या परिसरातही घेऊन जातो. ओळखण्यासारखं फार उरलं नाही, पण दिशा दाखवता येतील: फौज कुठून आली, फुलबाग कुठं, मधे काय अंतर. स्वर्णरेखाही बघायला हवी. परंपरा सांगते की राणीचा घोडा या नाल्यापाशी अडला. आजचा नाला पाहून मन विटतं, तरी पाहा. मग गंगादासांच्या मोठ्या शाळेत, म्हणजे साधूंच्या मठात जाऊ. राणीचा देह इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून तिथले साधू लढले, आणि ७४५ जण पडले असं तिथं सांगतात. तिथून समाधी जवळच.

दौलतगंजवाली

सर, नेकी और पूछ पूछ! केव्हा निघायचं ते तुम्हीच ठरवा. आईलाही यायचंय, चालेल ना? तिला गाडीत बसवून ठेवू.

मुरारचा_मास्तर

मातोश्रींना अवश्य आणा, गाडीत कशाला, माझ्याबरोबर बसतील सावलीला. दिवस १४ जूनचा ठरवू, मेळ्याची गर्दी सुरू व्हायच्या आत. साडेपाचला फुलबागेच्या फाटकाशी. १८५८ च्या मे महिन्यात कोंचच्या लढाईत ह्यू रोजसारख्या माणसालाही उन्हाचे झटके आले होते आणि पुन्हा पुन्हा घोड्यावरून उतरावं लागलं होतं, तेव्हा उन्हाशी पैज नको. डोक्याला सुती पंचा, प्रत्येकीकडे पाण्याची बाटली, पन्हं मी आणतो, निखाऱ्यात भाजलेल्या कैरीचं. धाकट्या बाईंनी वही आणावी. नऊ वाजले की मी सगळ्यांना घरी पाठवणार.